गेली तरी उरणारी ठेव

सावकाराच्या पेढीवर दरोडा पडला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तिजोरी रिकामी दिसते. धान्याच्या कोठाराला भोक पडले, तर रास खचते. आणि म्हणून तिजोरीला कुलूप व कोठाराला पहारा असावा, हे कोणाही धन्याला शिकवावे लागत नाही. परंतु माहिती हा असा विलक्षण माल आहे, की तो चोरीला गेला तरी धन्याच्या घरात जिथल्या तिथे राहतो. नक्कल जाते, अस्सल उरते. दफ्तराचे एक पानही हललेले दिसत नाही. आणि जे नुकसान होते ते बहुधा दफ्तर सांभाळणाऱ्याच्या वाट्याला येत नाही. ज्याने विश्वासाने आपले नाव, जन्मतारीख, आजार, पगार आणि खातेक्रमांक त्या दफ्तरात लिहून दिला, त्या दूरच्या, अनभिज्ञ माणसाला ते भोगावे लागते. ज्याच्या हाती कुलूप आहे त्याची हानी नाही, आणि ज्याची हानी आहे त्याच्या हाती कुलूप नाही, अशी ही स्थिती. गेल्या पंचवीस वर्षांत माहितीची गळती रोखणाऱ्या संगणकप्रणालींचा जो मोठा व्यापार जगात उभा राहिला, त्याच्या इतिहासात यंत्रांच्या चातुर्याचा भाग पुष्कळ आहे; तथापि त्या व्यापाराचे मूळ शोधू लागले, की आपण यंत्रशाळेपाशी न पोहोचता एका कायद्याच्या कलमापाशी येऊन थांबतो.

हा कायदा अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचा. २००२ सालच्या एप्रिल महिन्यात त्या राज्याच्या स्टीफन टील डेटा सेंटर या सरकारी संगणककेंद्रात कोणा परक्याचा शिरकाव झाला. त्या यंत्रावर सुमारे २ लाख ६५ हजार राज्यकर्मचाऱ्यांची नावे, त्यांचे सोशल सिक्युरिटी क्रमांक आणि पगाराचे तपशील होते. शिरकाव झाला हे ध्यानात यायलाच महिना लोटला, आणि ज्यांची ती माहिती होती त्यांच्या कानी ती वार्ता जाण्यास आणखी काही दिवस जावे लागले. ज्या सरकारने प्रजेच्या दफ्तराची राखण करावी त्याच सरकारच्या नोकरांवर हा प्रसंग ओढवल्यामुळे विधिमंडळ हलले, आणि १३८६ क्रमांकाचे सीनेट विधेयक त्याच वर्षी संमत होऊन १ जुलै २००३ पासून अमलात आले. या कायद्याने कोणत्याही संस्थेला अमुक कुलूप लावा, तमुक पहारेकरी नेमा, असा हुकूम केला नाही. राज्यात व्यवहार करणाऱ्या कोणाही संस्थेच्या संगणकातून एखाद्याचे नाव आणि त्याच्यासोबत त्याचा सोशल सिक्युरिटी क्रमांक, वाहनपरवान्याचा क्रमांक किंवा संकेतांकासह खातेक्रमांक सांकेतिक लिपीत न गुंडाळलेल्या स्वरूपात अनधिकृत हाती पडला, तर ज्याची ती माहिती आहे त्याला कळवा, एवढेच त्याने फर्मावले. ठेव गेली तर ठेवीदाराला सांगा, ही गोष्ट आपल्याकडच्या कोणाही आजीबाईला न्यायाची म्हणून सहज पटेल; पण ती कायद्यात उतरण्यास संगणकयुगाची कित्येक दशके जावी लागली.

या साध्या कलमाचा प्रताप २००५ च्या फेब्रुवारीत सर्व देशाला दिसला. जॉर्जिया राज्यातील चॉइसपॉइंट नावाची कंपनी कोट्यवधी अमेरिकनांची माहिती गोळा करून ती विमा कंपन्यांना, मालकांना व सरकारी खात्यांना विकत असे. काही भामट्यांनी प्रतिष्ठित व्यापाऱ्यांचे सोंग घेऊन तिच्याकडे रीतसर खाती उघडली आणि हजारो माणसांचे तपशील राजरोस विकत घेतले. कंपनीने कायद्याला अनुसरून प्रथम कॅलिफोर्नियातील सुमारे ३५ हजार रहिवाशांना पत्रे पाठवली. तेव्हा अन्य राज्यांतून गिल्ला झाला, की आमच्या लोकांची माहिती गेली नाही काय, आणि गेली असेल तर ती सांगण्यास आमच्या सरहद्दीवर कंपनीची वाचा का बसते? अखेर दीड लाखांहून अधिक लोकांना कळवावे लागले, आणि पुढच्या वर्षी फेडरल ट्रेड कमिशनशी झालेल्या तडजोडीत कंपनीला १ कोटी डॉलर दंड व ग्राहकांच्या भरपाईसाठी ५० लाख डॉलर मोजावे लागले. एकामागून एक राज्यांनी कॅलिफोर्नियाचा कित्ता गिरवला. २०१८ साली अलाबामा व साउथ डकोटा या शेवटच्या दोन राज्यांनीही असे कायदे केले, आणि पन्नासांची संख्या पूर्ण झाली. गळती झाकून ठेवणे आता स्वस्त उरले नव्हते. पत्रांचा खर्च, वकिलांचा खर्च, बाजारातली बेअब्रू आणि दंड हे सारे दफ्तर सांभाळणाऱ्याच्या खतावणीत प्रथमच नावे पडू लागले. आणि ज्या दिवशी ते नावे पडले, त्या दिवशी ते टाळण्याचे साधन विकणाऱ्याला गिऱ्हाईक मिळाले.

त्यापूर्वी संगणकसंरक्षणाचा व्यापार नव्हता असे नाही. विषाणूविरोधी प्रणाली होत्या, अग्निभिंती म्हणजे फायरवॉल होत्या. परंतु या सर्व तटबंदीचे तोंड बाहेरच्या शत्रूकडे होते. आतून बाहेर जाणाऱ्या वाटेवर नाका बसवावा, ही कल्पना घेऊन ज्या कंपन्या पुढे आल्या, त्यांत सॅन फ्रान्सिस्को येथे २००१ साली जोसेफ अॅन्सॅनेली व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थापलेली व्हाँटू ही अग्रगण्य होती. टॅब्लस, रिकनेक्स, व्हर्डासिस, व्हेरिसेप्ट, पोर्टऑथॉरिटी अशी आणखी नावे तिच्या आगेमागे उगवली. मालाला अद्याप एकमताचे नाव नव्हते. कोणी त्याला आशयाची देखरेख व गाळणी म्हणे, कोणी माहितीगळतीचा शोध व प्रतिबंध म्हणे, कोणी बाहेर पडणाऱ्या मालाचा अटकाव म्हणे. आणि पुढे ‘डेटा लॉस प्रिव्हेन्शन’, म्हणजे डीएलपी, हे नाव रूढ झाल्यावरही त्यातल्या मधल्या शब्दाविषयी, गळती म्हणावी की नाश म्हणावा, याविषयी विक्रेत्यांत एकवाक्यता झाली नाही. माझ्या मते गळती हाच शब्द यथार्थ आहे. कारण नाश पावलेली वस्तू उरत नाही, आणि या व्यापाराचे सारे दुखणे वस्तू उरते यातच आहे.

हे नाके काम कसे करीत, हे थोडे सविस्तर पाहण्यासारखे आहे. जकातनाक्यावरचा कारकून गाडीतील माल उघडून पाहतो, त्याप्रमाणे ही प्रणाली बाहेर जाणारे प्रत्येक ईमेल व प्रत्येक जोडपत्र उघडून वाचते. पण वाचून ओळखावे काय? क्रेडिट कार्डाचा क्रमांक बहुधा सोळा अंकी; तेव्हा सोळा अंकांची प्रत्येक ओळ अडवली, तर पावत्यांचे, मालाचे आणि पार्सलांचे क्रमांकही अडकून व्यापार ठप्प होईल. येथे एक जुने गणित कामास आले. आयबीएम कंपनीतील हान्स पीटर लून यांनी १९५४ साली एकस्वासाठी अर्ज केलेली ही रीत अशी: क्रमांकातील उजवीकडून दुसऱ्या अंकापासून एकाआड एक अंक दुप्पट करावा, दुप्पट दोन अंकी झाली तर त्या अंकांची बेरीज घ्यावी, आणि सर्व मिळून येणारी बेरीज दहाने निःशेष भागली जावी. कारकुनाच्या हातून लिहिताना झालेली चूक पकडण्यासाठी शोधलेली ही युक्ती अर्धशतकाने चोरवाटेवरचा माल ओळखण्यास उपयोगी पडली. तथापि कोणत्याही दहा क्रमांकांतील सरासरी एक या कसोटीस योगायोगानेच उतरतो. म्हणून नाक्यावर निरपराध गाड्या अडकत राहिल्या, आणि खोट्या इशाऱ्यांच्या ढिगाऱ्याखाली खरे इशारे गाडले जाऊ लागले.

या अडचणीतून दुसरी, अधिक सूक्ष्म रीत निघाली. बँकेने आपल्या ग्राहकांची खरी यादीच यंत्राला द्यावी. यंत्राने ती यादी जशीच्या तशी न ठेवता प्रत्येक नोंदीचा असा गणिती ठसा घ्यावा, की ठशावरून मूळ नोंद हुडकता येऊ नये. आणि मग बाहेर जाणाऱ्या मजकुरातील शब्दांचे ठसे त्याच्याशी ताडून पाहावेत. अमुक आडनाव आणि अमुक क्रमांक एकाच पत्रात एकत्र आले, म्हणजे तो आपलाच ग्राहक. करारपत्रे, नकाशे, प्रणालींच्या संहिता यांचेही तुकड्यातुकड्याने ठसे घेता येत; मग कोणी अख्ख्या दस्तऐवजातील दोन परिच्छेदच उचलून नेले तरी ते ओळखू येत. या नाक्याच्या जोडीला दोन आणखी पहारे बसले. एक प्रत्येक कारकुनाच्या यंत्रात, म्हणजे खिशातल्या यूएसबी साठवणपट्टीवर काय उतरवले जाते ते पाहणारा. आणि दुसरा दफ्तराच्या खोल्याखोल्यांतून झडती घेत हिंडणारा. या तिसऱ्या कामाचे महत्त्व फार थोड्यांनी ओळखले होते. आपल्याकडे कोणती ठेव आहे आणि ती कोठे ठेवली आहे, हेच मुळी संस्थेला ठाऊक नसते. कोणा सोडून गेलेल्या नोकराच्या फोल्डरात, कोणा चाचणीसाठी केलेल्या नकलेत, हजारो ग्राहकांच्या याद्या उघड्या पडलेल्या असतात. आपल्या घरातली वस्तू किती ठिकाणी विखुरली आहे हे मालकाला दाखवून देणे, ही या यंत्रांनी केलेली सर्वांत मोठी सेवा होय, असे मला वाटते.

कारण गळती होते ती बहुतांशी चोरामुळे होते, हा समजच चुकीचा ठरला. २००६ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या माजी सैनिक खात्यातील एका कर्मचाऱ्याच्या घरातून संगणक व साठवणतबकडी चोरीला गेली; त्याने काम घरी नेले होते, आणि त्या कामात २ कोटी ६५ लाख माणसांची माहिती होती. पुढे तो संगणक सापडला, माहिती कोणी पाहिली नसल्याचेही तपासात दिसले. पण सबंध देशाच्या जिवाला घोर लागायचा तो लागलाच. त्याहून बोधप्रद प्रसंग इंग्लंडातील. २००७ च्या ऑक्टोबरात तेथील महसूल खात्याच्या एका कचेरीतून लंडनच्या हिशेबतपासनीस कचेरीकडे दोन सीडी टपालाने रवाना झाल्या, आणि त्या पोहोचल्याच नाहीत. त्यांवर बालभत्ता घेणाऱ्या ७२ लाख ५० हजार कुटुंबांची, म्हणजे २ कोटी ५० लाख माणसांची नावे, पत्ते, जन्मतारखा आणि बँकखाती होती. सांकेतिक लिपीचे आवरण नव्हते. २० नोव्हेंबर रोजी अर्थमंत्री अॅलिस्टर डार्लिंग यांना पार्लमेंटात उभे राहून ही कबुली द्यावी लागली, आणि खात्याच्या प्रमुखांनी राजीनामा दिला. हिशेबतपासनिसांनी बँकखात्यांचे तपशील मुळी मागितलेच नव्हते. ते वगळूनच पाठवा, असे त्यांनी सुचवले होते. परंतु ते वगळण्यास जास्तीचा खर्च येईल, म्हणून सारेच पाठवून देण्यात आले. या एका गोष्टीकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे.

अशा प्रसंगांनी बाजार तापला, आणि तापलेल्या बाजारात मोठे मासे लहान माशांना गिळतात, तसेच येथे झाले. २००६ च्या ऑक्टोबरात मॅकॅफीने इस्रायलमधील ऑनिग्मा २ कोटी डॉलरना घेतली. पाठोपाठ वेबसेन्सने पोर्टऑथॉरिटी सुमारे ९ कोटींना. २००७ मध्ये ईएमसीच्या आरएसए विभागाने टॅब्लस आणि ट्रेंड मायक्रोने प्रोव्हिला घेतली. आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सिमँटेकने व्हाँटूसाठी ३५ कोटी डॉलर देण्याचे जाहीर केले, तेव्हा हा नवा माल बाजारात प्रतिष्ठित झाला. २००८ मध्ये मॅकॅफीने रिकनेक्सही घेतली, आणि २००९ च्या आरंभी सीए कंपनीने ऑर्केस्ट्रिया. अवघ्या तीन वर्षांत स्वतंत्र व्यापाऱ्यांची ती आळी बहुतेक रिकामी झाली आणि तिचे रूपांतर थोरल्या पेढ्यांच्या मालयादीतील एका ओळीत झाले.

विक्री वाढली, पण तिच्याबरोबर मर्यादाही स्पष्ट होत गेल्या. २०१० साली विकिलीक्सच्या हाती पडलेले अमेरिकन लष्कराचे व वकिलातींचे कागद गाण्यांच्या म्हणून भासवलेल्या सीडीवर उतरवून बाहेर नेलेले होते, आणि २०१३ साली एडवर्ड स्नोडेन यांनी नेलेले कागद हे दफ्तराची व्यवस्था ज्याच्या हाती होती अशाच माणसाने नेलेले होते. ज्याच्याकडे किल्ल्या, त्याच्यापुढे नाका काय करणार? विसराळू, घाईत असलेल्या, सज्जन कारकुनाला वेळेवर हटकणे हे यंत्राला साधले. निश्चय केलेल्या माणसाला रोखणे फारसे साधले नाही. शिवाय जो नाका चोराची गाडी उघडतो तोच साधूचीही उघडतो. नोकराच्या खासगी पत्रांत धन्याने कोठवर डोकवावे, हा प्रश्न युरोपात न्यायासनापुढे गेला, आणि २०१७ च्या सप्टेंबरात युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने रुमानियातील बार्बुलेस्कू खटल्यात असे ठरवले, की देखरेखीची पूर्वसूचना, तिची व्याप्ती आणि तिचे कारण यांचा विचार केल्यावाचून मालकाचा हा अधिकार मान्य करता येत नाही. परक्यांची ठेव राखण्यासाठी आपल्याच माणसांचा विश्वास खर्ची घालावा काय, हा त्यामागील पेच आजही सुटलेला नाही.

या व्यापाराचा आपल्या प्रदेशाशी आलेला संबंध या पेचाहून वेगळा, आणि मनाला अधिक लागणारा आहे. सिमँटेकमध्ये २००५ साली विलीन झालेल्या व्हेरिटास कंपनीचे विकासकेंद्र पुण्यात होते. कॅल्क्युलेटरच्या दुरुस्तीपासून आरंभ करून कैलास काटकर यांनी आपले बंधू संजय यांच्यासह पुण्यातच उभारलेली क्विक हील कंपनी आज आपल्या सेक्राइट या शाखेमार्फत गळतीप्रतिबंधक प्रणालीही विकते. पण विकत घेण्याची गरज आपल्याला प्रथम भासली ती परदेशी गिऱ्हाइकांच्या करारनाम्यांमुळे. २००५ च्या एप्रिलमध्ये पुण्यातील एका कॉल सेंटरच्या आजीमाजी नोकरांना, अमेरिकन बँकेच्या ग्राहकांच्या खात्यांतून काही लाख डॉलर वळते केल्याच्या आरोपावरून अटक झाली. ग्राहकांशी फोनवर बोलता बोलता विश्वास संपादून त्यांचे गुप्तांक मिळवल्याचा तो आरोप होता. कानातून स्मरणात गेलेला गुप्तांक कोणत्याही नाक्यावर सापडणारा नव्हता. परंतु त्या वार्तेने हा सारा धंदाच देशाबाहेर जाईल की काय अशी धास्ती पडली. कामाच्या दालनात मोबाइल, कागद आणि पेन नेण्यास मनाई, दारात लॉकर, संगणकाच्या यूएसबी खिडक्या बंद, असा कडेकोट जाबता त्या काळात सर्वसामान्य झाला. आणि संगणक उद्योगाच्या नॅसकॉम या संघटनेने २००८ साली डेटा सिक्युरिटी कौन्सिल ऑफ इंडिया ही संस्था स्थापन केली.

ओहायोतल्या ग्राहकाचा खातेक्रमांक हिंजवडीत असा डोळ्यांत तेल घालून राखला जात असता, त्याच हिंजवडीत काम करणाऱ्या मुलीच्या स्वतःच्या कागदांना कोणाचा आधार होता? माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने ४३अ हे कलम आले, त्याखालील नियम २०११ मध्ये निघाले. संवेदनशील माहिती हलगर्जीपणाने हाताळणाऱ्या संस्थेवर भरपाईची जबाबदारी आली. परंतु गळती झाली तर ज्याची माहिती त्याला कळवा, हे कॅलिफोर्नियाचे कलम त्यात नव्हते. आणि जे कलम अमेरिकेत या बाजाराचा पाया ठरले, त्याच्याच अभावी आपल्याकडे तो बाजार दीर्घकाळ करारनाम्यांच्या आणि बँकांच्या आश्रयाने राहिला. बँकांच्या बाबतीत मुंबईच्या रिझर्व्ह बँकेने २ जून २०१६ रोजी काढलेल्या सायबर सुरक्षेच्या परिपत्रकात गळतीप्रतिबंधाचे धोरण हे किमान आवश्यक उपायांत स्वतंत्र बाब म्हणून नोंदवले, तेव्हा बँकांच्या कचेऱ्यांतून ही प्रणाली ऐच्छिक न राहता आवश्यक झाली. तिला आपल्या मातीतले क्रमांकही शिकावे लागले. आधार क्रमांकाचा बारावा अंक लून यांच्या रीतीने काढलेला नसून याकोबस व्हर्हूफ या डच गणितज्ञाने १९६९ साली मांडलेल्या रीतीने काढलेला आहे. शेजारच्या दोन अंकांची कोणतीही अदलाबदल ती पकडते, जे लून यांच्या रीतीला शून्य व नऊ यांच्या बाबतीत साधत नाही. पण त्याच आधारपत्रिकेच्या छायाप्रती लॉजच्या नोंदवहीत आणि झेरॉक्सच्या दुकानातील खोक्यात पडून राहिल्या, तेथे कोणता नाका बसणार?

२०१७ च्या ऑगस्टात पुट्टस्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला, आणि सहा वर्षांनी, २०२३ साली, डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला. त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आणि त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे, माहिती फुटली तर या कायद्याने योजलेल्या मंडळाला आणि ज्याची ती माहिती त्या प्रत्येक माणसाला कळवण्याचे बंधन आहे. टील केंद्रातील शिरकावानंतर वीस वर्षांहून अधिक काळाने ते साधे कलम आपल्या कायद्यात रुजू झाले.

दरम्यान तो स्वतंत्र व्यापार मात्र विरघळत गेला. वेबसेन्स हात बदलत २०१६ मध्ये फोर्सपॉइंट झाली. सिमँटेकचा व्यापारी विभाग २०१९ साली ब्रॉडकॉमने १,०७० कोटी डॉलरना घेतला. गार्टनर या संशोधनसंस्थेने या मालाच्या विक्रेत्यांचा आपला प्रसिद्ध तुलनात्मक तक्ता २०१७ नंतर काढणे थांबवले. आणि मायक्रोसॉफ्ट व गूगल यांनी ईमेलच्या सेवेतच गळतीचे नाके अंगभूत केले. दफ्तर आपल्या वाड्यात न राहता दूरच्या मेघसेवेत गेले, तेव्हा वाड्याच्या दारावरचा नाका एकाकी पडला. २०२३ साली सॅमसंगच्या काही कर्मचाऱ्यांनी कामात मदत व्हावी म्हणून कंपनीची गुप्त संहिता चॅटजीपीटीच्या खिडकीत लिहिली, आणि कंपनीला अशा साधनांवर बंदी घालावी लागली. वाट नवी, पण जाणारा कारकून तोच, घाईतला आणि निष्पाप.

आता त्या दोन हरवलेल्या सीडींकडे येतो. त्या कहाणीत यंत्राहून मोठे संरक्षण एका पत्रातील विनंतीत होते: आम्हाला न लागणारे पाठवू नका. ती विनंती पाळण्याचा खर्च वाचवला गेला, आणि अडीच कोटी माणसांना आपल्या बँकखात्यांची काळजी करीत बसावे लागले. आपल्या नव्या कायद्याने संमती ही नेमक्या कामाला लागेल तेवढ्याच माहितीपुरती मानली आहे. दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याच्या अॅपने रुग्णाच्या फोनमधील परिचितांची यादी मागितली, तर त्या मागणीला दिलेली संमती त्या यादीपुरती व्यर्थ, असे उदाहरणच कायद्यात घातले आहे. हे कलम लॉजच्या गल्ल्यावरही, सोसायटीच्या कचेरीतही, शाळेच्या प्रवेशपत्रातही पाळले गेले पाहिजे. सावकाराच्या पेढीवर ठेव ठेवताना ठेवीदार पावती घेतो, आणि काम संपले की ठेव परत नेतो. माहितीची ठेव परत नेता येत नाही, कारण तिची नक्कल मागे उरतेच. म्हणून ती घेतानाच थोडी घ्यावी. जी घेतलीच नाही, ती गळण्याची भीती कोणत्याही संस्थेला उरत नाही, आणि तिच्यासाठी नाका बसवण्याचा खर्चही येत नाही.